खांबाला पाणी नाही

आमच्या प्रयोगशाळेत माझं खरं नाव कुणी घेत नाही. पाठीमागे मला ‘खांबवाली’ म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणायला लागलेत, कारण ही बाई चिडत नाही असा त्यांचा समज आहे. मी चिडते. फक्त कामाच्या वेळेत चिडत नाही, एवढंच.

एकोणीस वर्षं मी एकाच पाणथळीची तब्येत बघते आहे. वस्ती संपली की ती सुरू होते: लव्हाळे, उथळ पाणी, चिखल आणि मधोमध एक खोलगट पट्टा. तिच्यात बारा लोखंडी खांब रोवलेत, पांढरा रंग दिलेले, प्रत्येकावर आकडा. दर तीन महिन्यांनी एक फेरी. खांबापाशी जायचं, वीतभर खाली बाटली बुडवायची, पाण्यातला प्राणवायू तपासायचा, तळातला मूठभर गाळ चाळून त्यातले किडे आणि गोगलगायी मोजायच्या. खांबाला पाणीच नसेल, तर तक्त्यात त्या आकड्यासमोर ‘कोरडे’ लिहायचं आणि पुढे निघायचं. हा नियम मी एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नाही आणि दुसऱ्या कुणाला मोडूही दिला नाही.

“तुला सासू नव्हती ना,” नवरा म्हणतो, “म्हणून तू नियमालाच सासू करून घेतलंस.” तो निवृत्त टंकलेखक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं बिनचूक टाइप केली आणि आता घरात बसून माझ्या चुका काढतो.

दोन वर्षं पाऊस रुसला. पाणथळ काठाकडून आत आत आटत गेली. खांब मात्र जिथे रोवले होते तिथेच राहिले. रोवले तेव्हा भरल्या पाण्याचं वर्ष होतं, त्यामुळे सगळे काठाच्या अंगाने ओळीत उभे. सहा महिन्यांपूर्वीच्या फेरीत बारापैकी सात खांब कोरडे निघाले. त्याच्या पुढच्या फेरीत आठ.

त्या आठ कोरड्या खांबांच्या फेरीची गोष्ट सांगते, म्हणजे मी कशी बाई आहे ते कळेल. सोबत होडीवाली मावशी होती. पूर्वी ती मला होडीतून न्यायची. आता होडी काठावर पालथी पडलेली, आणि मावशी हातात बांबू घेऊन माझ्यापुढे चालते, चिखल कुठे पाय गिळेल ते बघत. मी सात नंबरच्या खांबापाशी उभी राहिले. खाली भेगाळलेली जमीन. मी लिहिलं, ‘कोरडे’.

“बाई,” मावशी म्हणाली, “आणि ते तिकडं काय चकाकतंय? माझं टक्कल?”

तिने बांबूने दाखवलं तिथे, बत्तीस पावलांवर, पाणी होतं. खोलगट पट्ट्यातलं काळपट पाणी, वर तेलकट साय धरलेलं. कपडे रंगवायच्या कारखान्याचा नाला तिथेच येऊन मिळतो. पाणथळ भरलेली असायची तेव्हा त्या नाल्याचं पाणी कुठल्या कुठे पातळ होऊन जायचं. आता तिथे उरलं होतं ते बहुतेक त्याचंच.

“पाणी असेल मावशी,” मी म्हटलं. “खांबाला नाही.”

“मग खांबालाच विचारा तब्येत,” ती म्हणाली आणि थुंकली. लव्हाळे कापायला ती रोज त्या पाण्यात उतरते. तिच्या घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत लाल चट्टे आहेत, खाजवून खाजवून काही ठिकाणी सोललेले. ते मी बघितले होते. मी तिला मलम आणून दिलं होतं आणि तक्त्यात ‘कोरडे’ लिहिलं होतं.

दोन आठवड्यांनी आमच्या कार्यालयाच्या दारातल्या फलकावर लागलं: ‘पाण्याच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा.’ खोटं नव्हतं. पाणी शिल्लक असलेले चारही खांब वरच्या कालव्याच्या तोंडाशी आहेत, तिथे गळतीचं स्वच्छ पाणी येतं. सरासरी त्या चारांचीच निघाली. नापास होणारी पोरं घरी पाठवून शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा, तसला हा प्रकार. मला तो कळला नव्हता असं नाही. मी तो कळून घेतला नव्हता. आकडे बरोबर होते आणि त्याखाली सही माझी होती.

तिसऱ्या फेरीच्या आधीच्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही कागद नाही. माणूस वाईट नाही. त्याला फक्त काही घडलेलं आवडत नाही.

“मॅडम, एक आनंदाची बातमी,” ते म्हणाले. “या गुरुवारची फेरी झाली की तुमची चिखलातली पायपीट संपली.”

“म्हणजे?”

“सलग तीन फेऱ्यांत निम्म्याहून जास्त खांब कोरडे निघाले की जागा पाणथळींच्या यादीतून निघते. सात झाले, आठ झाले, आता गुरुवारी आठ किंवा नऊ होतील. पुढच्या सोमवारी समिती बसेल, तुमच्या तिन्ही तक्त्यांवर शिक्का मारेल आणि फाइल बंद.”

“आणि नाल्याचं काय?”

“जी जागा पाणथळच नाही, तिथे कोण काय सोडतो हे आपण बघत नाही. नंतर भराव वगैरे घालतील. तो विषय आपला नाही.”

एकोणीस वर्षं मी त्या जागेची राखण करते आहे असं मला वाटत होतं. आणि तिचा गळा दाबणारे दोन कागद माझ्याच अक्षरात होते. तिसराही माझ्याच अक्षरात हवा होता, कारण पाणथळीच्या तक्त्यावर सही करायचा परवाना असलेली आमच्या कार्यालयात मी एकटीच आहे.

“साहेब, पाणी आहे,” मी म्हटलं. “मधल्या पट्ट्यात आहे. घाण आहे, पण आहे. या वेळी नमुना तिथून घेते.”

साहेबांनी खण उघडला. त्यांना माझं उत्तर आधीच माहीत असावं, कारण कागद वरच होता. सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं तक्रारपत्र. त्यांनी ते शांतपणे वाचून दाखवलं: “‘सदर व्यक्तीने नमुन्याची जागा स्वतःच्या मर्जीने बदलली. अशा व्यक्तीच्या हाती बाटली देऊ नये.’ मॅडम, नियम तुम्हीच शिकवलाय आम्हाला.”

सदर व्यक्ती म्हणजे चष्मेवाला. माझ्याबरोबर काम करणारा रसायनतज्ज्ञ, हुशार, जरा उद्धट. त्या वर्षी थोडे दिवस पाणी ओसरलं होतं, तेव्हा त्याने सात नंबरच्या खांबापासून वीस पावलं पुढे जाऊन बाटली भरली. मी पत्र लिहिलं. त्याला सामानाच्या खोलीत रिकाम्या बाटल्या मोजायला बसवलं. वर्षभरात त्याने नोकरी सोडली.

त्या संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले. तो आता घरात ठेवायच्या माशांच्या काचेच्या टाक्या विकतो. एवढंसं दुकान, चारी भिंतींना टाक्या, त्यातल्या हवेच्या नळ्यांची बुडबुड. तो एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून काच घासत होता. मला बघून त्याने हात बाहेर काढला नाही.

“मासे हवेत की अजून एखाद्या तक्रारपत्रावर माझी सही हवी?” त्याने विचारलं.

येताना वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. “तुझं बरोबर होतं,” मी म्हटलं. “माझं चुकलं. आणि माझ्या चुकीने ती पाणथळ जातेय.”

मी सगळं सांगितलं. तो काच घासत राहिला. मग हात पुसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “मॅडम, सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत की मी पुढे का गेलो. खांबाखाली तेव्हा चार बोटं पाणी होतं. आजारी माणसाचं तापमान घेताना त्याच्या खाटेला थर्मामीटर लावतात का?”

“नाही लावत.”

“माफ केलं असं समजू नका.”

“नाही समजत.”

“मग ठीक आहे.” त्याने गल्ल्याखालून एक ओल लागून फुगलेली वही काढली. खोलगट पट्ट्यात कुठे किती पाणी टिकतं, याच्या त्याने तेव्हा हौसेने घेतलेल्या नोंदी. सामानाच्या खोलीत बसवल्यावरही तो रविवारी स्वतः जाऊन नोंदी घेत होता. मला कल्पनाही नव्हती. “नमुना दुसरीकडून घ्याल तर साहेब तक्ता फेकून देतील. खांबापासून लांबचा म्हणून.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणून मी पाणी खांबाकडे नेणार नाही. खांब पाण्याकडे नेणार आहे.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की टाकीतला मासा बोलला असता तरी इतकं आश्चर्य त्याला वाटलं नसतं.

“ते सरकारी खांब आहेत.”

“मीही सरकारीच आहे.”

“तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?”

“चौदा महिने.”

“हात दाखवून अवलक्षण,” तो म्हणाला. पण दुकानाच्या मागून त्याने एक लांब पहार आणली आणि तिचं टोक अंगठ्याने तपासलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. “काढून टाकलं तर?” त्याने विचारलं.

“तर घरी बसून तुझ्या चुका काढीन.”

“बापरे. मग काढू देऊ नकोस,” तो म्हणाला. थोड्या वेळाने तो माझे गुडघ्यापर्यंतचे बूट पुसताना दिसला. एकोणीस वर्षांत त्याने त्यांना कधी हात लावला नव्हता.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही तिघं आत उतरलो. चष्मेवाल्याने हिशेब केला. “बारातले निम्म्याहून जास्त म्हणजे सात. आठ कोरडे आहेत. दोन हलवले की सहा उरतात. दोन पुरेत.”

“तीन हलवू,” मी म्हटलं. “दोन नियमासाठी आणि एक माझ्या रागासाठी.”

खांब हलवणं सोपं नाही. वाळलेला चिखल दगडासारखा होतो. चष्मेवाल्याने पहारीने भोवतीची माती फोडली, मावशीने बांबू घालून रेटा दिला, आणि मी खांबाला मिठी मारून तो गदागदा हलवला. एकोणीस वर्षं ज्याला शिवायच्या आधी मी हात पुसून घ्यायची, त्याला. सात नंबरचा खांब निघायला पाऊण तास लागला. निघाला तेव्हा मी त्याच्यासकट पाठीवर पडले. मावशी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

“बाई, तुमचं लग्न लागतंय असं वाटलं,” ती म्हणाली.

आम्ही तो बत्तीस पावलं वाहून नेला आणि पाण्यात रोवला. पाणी मांडीपर्यंत होतं. बुटाच्या वरून आत आलं तेव्हा पायाला चरचर झाली, आणि मला मावशीच्या पोटऱ्या आठवून स्वतःची लाज वाटली. मी बाटली भरली. काठावर आणून त्यात प्राणवायूच्या तपासणीची दोन औषधं थेंब थेंब टाकली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ बसतो. नसेल तर पांढरा. आम्ही तिघं बाटलीकडे बघत बसलो. गाळ पांढराशुभ्र बसला.

तळातला चिखल चाळला तर त्यात गोगलगाय नाही, शिंपली नाही, चतुराची अळी नाही. फक्त लाल बारीक अळ्या, बाकी सगळे मेले तरी जगतात त्या. चष्मेवाल्याने चिमट्याने एकेक उचलून मोजल्या. मोजताना तो जुन्या सवयीने मोठ्याने आकडे म्हणत होता आणि मी जुन्या सवयीने लिहून घेत होते.

“मेलंय का हो हे?” मावशीने विचारलं.

“मेलेल्याला आजार होत नाही मावशी,” मी म्हटलं. “हे आजारी आहे. आणि आजारी आहे हेच त्यांना लिहून नको आहे. एक तर ठणठणीत लिहा, नाही तर मेलं लिहा.”

दुपारपर्यंत तीन खांब हलले. तक्ता मी तिथेच, पालथ्या होडीवर ठेवून भरला. काहीही लपवलं नाही. खाली शेऱ्यात लिहिलं: ‘खांब क्रमांक पाच, सात आणि नऊ मी स्वतः हलवले. जुन्या जागेपासून अनुक्रमे साठ, बत्तीस आणि चव्वेचाळीस पावले. कारण: पाणी तिथे आहे.’ आणि सही केली. इतकी ठळक सही मी लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती.

साहेबांनी तक्ता वाचला आणि त्यांचा इस्त्रीचा शर्ट पहिल्यांदा चुरगळलेला वाटला. “हा रद्द करा,” ते म्हणाले. “खांब परत लावून घेऊ. मी माणसं देतो. तुम्ही फक्त दुसऱ्या तक्त्यावर सही करा, हा शेरा आपण कुणी बघितलाच नाही.”

“मी बघितलाय,” मी म्हटलं. “मीच लिहिलाय.”

“मॅडम, तुमच्यासाठी सांगतोय.”

“माझ्यासाठी सांगत असाल तर समितीपुढे मला बोलवा.”

त्यांना बोलवावंच लागलं. परवाना माझा, सही माझी.

सोमवारी समितीच्या खोलीत पाच माणसं होती. गुळगुळीत लांब टेबल, बंद खिडक्या, थंड हवेचं यंत्र, प्रत्येकासमोर पाण्याची सीलबंद बाटली. टोकाला टिपणं घेणारी एक बाई. पाणथळीवर कधी पाय न ठेवलेली माणसं पाणथळीचा निकाल द्यायला बसली होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, पण या गिरणीत इतकी वर्षं दाणे मीच ओतत होते, तेव्हा कुणाला नावं ठेवू?

अध्यक्ष वयस्कर होते, आवाज मऊ. “बाई, तुमची सेवा चांगली आहे,” ते म्हणाले. “पण खांब हलवलेत, म्हणजे हा तक्ता ग्राह्य धरता येत नाही. खांबांच्या मूळ जागा कोरड्या होत्या, हे तर तुम्हाला मान्य आहे?”

“मान्य आहे.”

“मग प्रश्न मिटला. पाणथळ कोरडी आहे असं आपण—”

“जागा कोरड्या होत्या,” मी म्हटलं. “पाणथळ कोरडी नाही. मी दोन वेळा तुम्हाला खांबांची तब्येत कळवली, पाणथळीची नाही. ती माझी चूक. तिसऱ्यांदा करणार नाही.”

“पुरावा काय?” कडेचे एक सदस्य म्हणाले. “आम्हाला कागदावर जे दिसतं तेवढंच.”

आम्ही प्रत्येक जागेचे दोन नमुने घेतो. एक तपासायचा, दुसरा लाखेने बंद करून ठेवायचा. बंद नमुना तपासाच्या हुकुमाशिवाय फोडायचा नाही, हाही नियम आहे, आणि तो मी नव्या मुलांना दरडावून शिकवते. मी पिशवीतून सात नंबरची बाटली काढली. लाख नखाने तोडली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मी बूच काढलं आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

चार दिवस बंद बाटलीत कोंडलेलं नाल्याचं पाणी होतं ते. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत वास पसरायला काही सेकंद पुरले. सडक्या अंड्यांचा, रंगाचा, कुजलेल्या मुळांचा. पुरावा मागणाऱ्या सदस्यांनी खुर्ची मागे ढकलली. एकाने रुमाल काढला. एक जण खिडकी उघडायला धावला, पण ती उघडणारी खिडकीच नव्हती.

“बंद करा ते!” अध्यक्ष ओरडले. आवाजातला मऊपणा गेला होता.

“काय बंद करू?” मी विचारलं. “बाटलीत काही नाही. कोरडं आहे ना?”

“बाई, हा काय तमाशा आहे?”

“या पाण्यात माणसं रोज उतरतात साहेब. तुम्हाला दोन मिनिटं नाक धरावं लागलं तर तो तमाशा. मला कुणाचा अपमान करायचा नाही. मला एकच सांगा, हा वास कशाचा येतोय? कोरड्या जमिनीला असा वास येतो का?”

एकोणीस वर्षं कामाच्या वेळेत न चिडलेली बाई एकदम सगळी चिडली होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

टिपणं घेणाऱ्या बाईने एका हाताने पदर नाकाला लावला होता. दुसऱ्या हातात पेन तसंच उघडं. ती अध्यक्षांकडे बघत म्हणाली, “साहेब, काय लिहू?”

थंड हवेचं यंत्र तोच वास गोळा करून सगळ्यांच्या अंगावर पुन्हा सोडत होतं. अध्यक्षांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आमच्या साहेबांकडे. साहेब टेबलाकडे बघत होते.

“लिहा,” अध्यक्ष म्हणाले. “या बाईंवर चौकशी लावावी. सरकारी खांब हलवले, बंद नमुना फोडला.”

“लिहा,” मी म्हटलं. “दोन्ही खरं आहे. पण आधी पाण्याचं लिहा.”

“ते बूच लावा आधी.”

“आधी लिहा.”

त्यांनी डोळे मिटले. त्यांना खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मग ते रुमालातून म्हणाले, “लिहा. पाणी आहे. दूषित आहे. पाणथळ यादीत कायम.”

टिपणं घेणाऱ्या बाईने पदर सोडला, कागद एका हाताने घट्ट धरला आणि ठळक, सावकाश अक्षरात लिहायला घेतलं. मी बूच मुठीत धरून तिच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले आणि शेवटचा शब्द कागदावर पुरा होईपर्यंत हलले नाही.